प्रोस्टेटच्या उपचारानंतरचे जगणेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रोस्टेट कर्करोगाबद्दल मराठी वृत्तपत्रांत अलीकडे बरेच छापून येते. पन्नाशीनंतर पीएसए या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा, आता रोबोटने शस्त्रक्रिया होते, वेळेत कळले तर माणूस बरा होतो. हे सगळे खरे आहे आणि छापायलाच हवे. पण बरा होऊन घरी आलेला माणूस पुढची दहा-पंधरा वर्षे काय सोबत घेऊन जगतो, त्याबद्दल अवाक्षर नसते. लघवी गळते, ताठरता येत नाही, ऐन थंडीत अंग घामाने भिजते, घरातल्या घरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. यातले बरेच टाळता येते, उरलेले पुष्कळ आटोक्यात आणता येते. त्यासाठी माहिती मात्र वेळेवर आणि नेमकी हवी, नवरा-बायको दोघांना समोर बसवून मराठीत सांगितलेली हवी. ‘थोडा त्रास राहील, हळूहळू कमी होईल’ एवढ्यावर माणसाला घरी पाठवले की तो पाणी पिणे सोडतो, एसटीने गावाला जाणे सोडतो, लग्नकार्यात पंगतीला बसणे सोडतो आणि कोणापाशी बोलत नाही.

आधी लघवीचे. प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. लघवी धरून ठेवायला पुरुषाला दोन झडपा असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी, आपोआप चालणारी. दुसरी प्रोस्टेटच्या खाली, आपल्या इच्छेने आवळता येणारी. शस्त्रक्रियेत ग्रंथीबरोबर वरची झडप बहुतांशी जाते. मूत्राशय खाली ओढून मूत्रमार्गाला शिवले जाते आणि सगळा भार एकट्या खालच्या झडपेवर व तिच्याभोवतीच्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर पडतो. आयुष्यभर ज्या स्नायूला फारसे काम नव्हते, त्याला एका दिवसात चोवीस तासांची पाळी लागते. शस्त्रक्रियेत मूत्राशयात घातलेली लघवीची नळी काढल्याबरोबर गळू लागते ते यामुळे. शस्त्रक्रिया बिघडली असा त्याचा अर्थ नाही, आणि हे आधी सांगितले असेल तर माणूस पहिल्याच दिवशी खचत नाही.

नळी साधारण एक ते दोन आठवडे असते. ती मांडीला चिकटपट्टीने नीट बांधलेली हवी, चालताना ओढ बसता कामा नये. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवायची. पलंगावर अंगाशेजारी ठेवली तर लघवी उलटी चढते आणि जंतुसंसर्ग होतो. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची, त्याआधी आणि नंतर हात धुवायचे. शौचाला जोर लावल्यावर नळीच्या बाजूने थोडे रक्त किंवा लघवी येणे घाबरण्यासारखे नाही. गुठळ्या येऊ लागल्या किंवा पिशवीत लघवी उतरायचीच थांबली, तर मात्र लगेच रुग्णालय गाठायचे. या दिवसांत नळी निसटली तर गावातल्या दवाखान्यात कोणाकडूनही नवी घालून घेऊ नका. आतला सांधा कच्चा असतो, आंधळेपणाने घातलेली नळी तो फाडू शकते. ज्यांनी शस्त्रक्रिया केली, त्यांनाच आधी फोन करा. एनिमाही त्यांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, कारण शस्त्रक्रियेची जागा गुदाशयाला अगदी चिकटून असते.

आता व्यायाम. कीगलचे व्यायाम करा, असे बहुतेकांना सांगितले जाते. कसे करायचे ते फार थोड्यांना दाखवले जाते, आणि निम्मे अपयश तिथेच आहे. वारा सरणार असताना आपण जागा आवळून धरतो आणि लघवीची धार मध्येच तोडतो, या दोन्ही कृती एकदम केल्यासारखे आतून वर ओढायचे. ज्यांना योगातला मूळबंध ठाऊक आहे त्यांना हे लवकर जमते, फक्त ओढ थोडी पुढे, लिंगाच्या मुळाकडे घ्यायची. खात्री करायला आरशासमोर कपडे काढून उभे राहा. बरोबर जमले तर लिंग मुळाशी किंचित आत जाते आणि अंडकोष जरासे वर उचलले जातात. ढुंगण आवळले गेले, मांड्या जुळल्या, पोट आत गेले किंवा श्वास अडला, तर भलतेच स्नायू काम करत आहेत. पाच सेकंद धरायचे, दहा सेकंद पूर्ण सैल सोडायचे, असे दहा वेळा. मग दहा झटपट आवळ-सोड. हे दिवसातून तीनदा: एकदा पडून, एकदा बसून, एकदा उभे राहून. काही आठवड्यांत धरण्याचा वेळ दहा सेकंदांपर्यंत न्यायचा. सैल सोडणे आवळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दिवसभर आवळून बसणाऱ्याचा स्नायू थकतो आणि उलट जास्त गळते.

शिकण्याची योग्य वेळ शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीची, कारण तेव्हा स्नायू जागेवर सापडतो. नळी आत असताना व्यायाम करायचा नाही, ती निघाली की सुरू करायचा. लघवी करताना धार तोडून पाहणे जागा ओळखण्यापुरते एकदा ठीक, त्याची सवय करू नये. मूत्राशय पूर्ण रिकामे व्हायचे राहते. शेवटचे आणि सगळ्यात उपयोगी: खोकण्याआधी, शिंकण्याआधी, खुर्चीतून उठताना, पाण्याची बादली उचलताना आधी आवळायचे, मग हालचाल करायची. गळते ते नेमके त्याच क्षणी.

सुधारणेचा एक क्रम बहुतेकांत दिसतो. आधी रात्री कोरडे राहू लागतात, मग बसल्या जागी, शेवटी चालताना. संध्याकाळी जास्त गळते, कारण दिवसभर राबून स्नायू दमलेला असतो. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत मोठा फरक पडतो आणि सुधारणा वर्षभर चालू राहते. सुधारणा मोजायची असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. लघवी शोषणाऱ्या कोरड्या पॅडचे वजन लिहून ठेवा, ओले पॅड पिशवीत घालून तोला. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. महिन्यातून एकदा चोवीस तासांची बेरीज करा. ‘कमी झाले आहे बहुतेक’ यापेक्षा ‘जूनमध्ये ३५० ग्रॅम, ऑगस्टमध्ये १४०’ हे डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते.

पॅडचे म्हणाल, तर दुकानात ‘डायपर द्या’ म्हटले की चड्डीसारखा मोठा डायपर हातात येतो. पहिले काही दिवस, रात्री किंवा लांबच्या प्रवासात तो बरा. पुढे पुरुषांसाठी निघणारे, पुढच्या बाजूला खोलगट असलेले छोटे पॅड पुष्कळांना पुरतात, तेच मागायचे. पण पॅड टिकायला अंगाबरोबर बसणारी चड्डी लागते. गावाकडच्या बऱ्याच ज्येष्ठांची नाडीची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी ढगळ असते, त्यावर धोतर किंवा पायजमा. तिला पॅडची चिकटपट्टी धरत नाही, मांडी घालून बसले की पॅड सरकते आणि धोतरावर डाग येतो. मग ‘पॅडचा काही उपयोग नाही’ म्हणून ते टाकून दिले जाते. आत घट्ट बसणारी सुती चड्डी आणि वर हवे ते, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. जांघेत कातडे लाल झाले तर पावडर टाकू नका, ओलाव्याने तिच्या गुठळ्या होऊन घासतात. कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करून झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावा.

पाणी तोडणे ही सर्वांत मोठी चूक. लघवी दाट झाली की मूत्राशयाला चिडचीड होते, कळ वारंवार येते, संसर्ग होतो, बद्धकोष्ठ होते आणि शौचाला जोर लावताना आणखी गळते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे बंधन नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी हवेच. कमी करायचा तो चहा, आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास पाणी घोटभरच.

लग्नाला किंवा कीर्तनाला तासन् तास बसायचे असेल तर लिंगावर लावायचा चिमटा मिळतो. तो दर दोन तासांनी सोडायचा आणि लावून कधीही झोपायचे नाही. रात्रीसाठी किंवा प्रवासासाठी निरोधसारखी बाहेरून लावायची नळी असते. तिचे माप बरोबर हवे. सैल असेल तर सुटते, घट्ट असेल तर कातडी सोलते.

सुधारत असलेली लघवी अचानक पुन्हा गळू लागली, धार बारीक झाली, जोर लावावा लागू लागला, तर व्यायाम वाढवून उपयोग नाही. शिवलेल्या जागी व्रण आकसून तोंड अरुंद झालेले असू शकते. मूत्राशय तुंबते आणि वरून सांडते. हे तपासून घ्यायलाच हवे, उपाय बहुधा छोटा असतो. याउलट धार चांगली आहे पण कळ आली की थांबवत नाही, अशांना मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्यांनी फरक पडतो. वर्षभर नीट व्यायाम करूनही पॅड ओलेचिंब होत असेल, तर शस्त्रक्रियेचे दोन मार्ग आहेत. गळती कमी-मध्यम असेल तर मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी, जास्त असेल तर कृत्रिम झडप. या झडपेत मूत्रमार्गाभोवती पाण्याने फुगणारे कडे असते आणि अंडकोषाच्या पिशवीत छोटा पंप. पंप दाबला की कडे सैल होते, लघवी होते, काही मिनिटांत कडे आपोआप पुन्हा आवळते. खर्च काही लाखांत जातो, यंत्र काही वर्षांनी बदलावे लागू शकते, तरी ज्यांना त्याची गरज आहे त्यांचे आयुष्य बदलते. अशा माणसाने खिशात चिठ्ठी ठेवावी: ‘मला कृत्रिम झडप आहे, ती बंद केल्याशिवाय लघवीची नळी घालू नये.’ अपघातात किंवा दुसऱ्या आजारात बेशुद्ध असताना कोणी नळी घातली तर मूत्रमार्गाला इजा होते.

ताठरतेबद्दल बोलायला दोघेही लाजतात, डॉक्टरांसमोर तर जास्तच. ताठरतेच्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना चिकटून जातात. त्या वाचवल्या तरी शस्त्रक्रियेच्या ताणाने महिनोन् महिने मूक राहतात. परत यायला दीड-दोन वर्षेही लागतात आणि काहींत पूर्वीसारखी ताठरता येतच नाही. वीर्य मात्र येणार नाही, कारण ते बनवणाऱ्या ग्रंथीच काढलेल्या असतात. सुखाची जाणीव कोरडी असली तरी राहते. हे माहीत नसल्याने कित्येक जोडपी ‘सगळे संपले’ असे धरून वेगळ्या खोल्यांत झोपू लागतात. सुखाच्या त्या क्षणी थोडी लघवी येऊ शकते. आधी मूत्राशय रिकामे करावे, टॉवेल ठेवावा, त्यात घाण काही नाही.

ताठरतेची गोळी सिल्डेनाफिल रिकाम्या पोटी, तासभर आधी घ्यायची. तुपकट जेवणावर घेतली तर उशिरा आणि कमी लागू पडते, आणि इच्छेशिवाय, स्पर्शाशिवाय ती काम करत नाही. एकदा-दोनदा फसली म्हणून सोडू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा-आठ वेळा तरी पाहावे. पण ज्यांच्या खिशात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते, त्यांनी ही गोळी कधीही घ्यायची नाही. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. तशाच दुसऱ्या गोळीचा, टॅडालाफिलचा, असर दोन दिवस राहतो, म्हणून तेवढाच काळ धोका. दुकानातून चोरून आणलेली गोळी घरच्यांना माहीत नसते आणि रात्री छातीत दुखले की बायको सवयीने सॉर्बिट्रेट पुढे करते. म्हणून ही गोष्ट तिला ठाऊक असलीच पाहिजे. गोळ्यांनी न जमल्यास हवा खेचणारा पंप आहे; त्याची रबरी कडी अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवायची नाही. टोचून घ्यायचे इंजेक्शनही आहे. त्याची मात्रा पहिल्यांदा दवाखान्यातच ठरवतात, आणि ताठरता चार तासांनी उतरली नाही तर ती आणीबाणी समजायची.

किरणोपचारांत त्रासाची चाल उलटी असते. उपचार चालू असतानाच्या आठवड्यांत लघवीला जळजळ आणि वारंवार शौच. ते पुढे बहुधा शमते. ताठरता मात्र हळूहळू, काही वर्षांत कमी होत जाते. शौचावाटे ताजे रक्त तर उपचार संपल्यावर कित्येक महिन्यांनी, वर्षांनीही दिसू शकते. मूळव्याध समजून परस्पर इलाज करू नका. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायची झाली तर किरणोपचार झाल्याचे त्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण किरण लागलेल्या भिंतीचा तुकडा तपासायला काढला तर ती जखम भरणे अवघड जाते, कधी आरपार भोकही पडते.

हार्मोनच्या उपचाराबद्दल सर्वांत कमी बोलले जाते आणि शरीरभर परिणाम होतो तो त्याचाच. प्रोस्टेट कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आजही तत्त्व तेच, टेस्टोस्टेरॉन खाली आणायचे: महिन्याला किंवा तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडसारखे इंजेक्शन, नाहीतर शस्त्रक्रियेने वृषण काढणे. आपल्याकडे पुष्कळजण खर्चामुळे दुसरा मार्ग घेतात. परिणाम दोन्हींचे जवळपास सारखे. इच्छा मावळते, पोट सुटते, हातापायाचे मांस उतरते, रक्तातली साखर आणि चरबी वाढते, थकवा येतो, विनाकारण रडू येते. घरच्यांना वाटते माणूस चिडका झाला. त्याला स्वतःलाही इंजेक्शनशी त्याचा संबंध माहीत नसतो.

गरम वाफा येतात तशाच, जशा बायकांना पाळी जाताना येतात. घरातली बायको यात नवऱ्याची खरी वाटाडी होऊ शकते, तिने ते भोगलेले असते. वाफ कधी येते ते आठवडाभर लिहून ठेवले की कारण सापडते: कढत चहा, तिखट रस्सा, बंद खोली. सुती कपड्यांचे दोन पातळ थर घालावेत, एक काढता यावा म्हणून. फारच त्रास असेल तर व्हेन्लाफॅक्सिन किंवा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन देता येते. टेस्टोस्टेरॉनचे काम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळीने छाती दुखरी होऊन वाढू लागली तर लवकर सांगावे, जुनी झाली की ती गोळ्यांनी ओसरत नाही. ‘ताकदीसाठी’ अश्वगंधा, शिलाजीत मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. अश्वगंधा टेस्टोस्टेरॉन वाढवू शकते, आणि सगळा उपचार ते खाली आणण्यासाठी चाललेला असतो.

हाडे मुकाट झिजतात, पहिल्या वर्षी सर्वांत वेगाने. म्हणून उपचार सुरू होतानाच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन हवा आणि पुढे एक-दोन वर्षांनी पुन्हा. आहार आणि गोळी मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते; १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम असते, कपभर दुधात २५०च्या आसपास. सोबत ‘ड’ जीवनसत्त्व. हाडे जपायचे झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब सुरू करण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जायलाच हवे. किडके दात, हलणारे दात आधी काढून जखम भरू द्यायची. ही औषधे चालू असताना दात काढला तर जबड्याचे हाड उघडे पडून सडू शकते, आणि तंबाखू-मिश्रीने दात खराब झालेली पिढी नेमकी याच वयात आहे. दर सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅब मनाने बंद करू नये. त्यानंतर मणके पटापट दबण्याचा धोका असतो.

थकवा आहे म्हणून पडून राहणे, याने थकवा वाढतो. रोज अर्धा तास चालणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचा व्यायाम, हे औषधच आहे. व्यायामशाळा नको: खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठ-बस, भिंतीवर हात टेकून दंड, हातात पाण्याच्या लिटरच्या बाटल्या. हाडांत गाठी पसरल्या असतील तर फिजिओथेरपिस्टला विचारून.

टेस्टोस्टेरॉन आणखी खाली आणणारी अॅबिराटेरॉनची गोळी घेणाऱ्यांनी शेजारच्या रुग्णाचे ऐकू नये. कोणाला ती १००० मिलिग्रॅम रिकाम्या पोटी असते, कोणाला डॉक्टर २५० मिलिग्रॅम न्याहारीबरोबर देतात. जास्त मात्रा जेवणाबरोबर घेतली तर शरीरात भलतीच जास्त शोषली जाते. सोबतची प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी एकदम सोडायची नाही, आणि रक्तदाब व पोटॅशियम तपासत राहायचे.

आजार हाडांत गेलेल्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट पाठ करावी. पाठीत नवे, झोपल्यावरही न थांबणारे दुखणे, पाय लटपटणे, पायांना बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा अचानक जाणे: यातले काही दिसले तर मालिश नको, पट्टा नको, उद्याची ओपीडी नको. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी एमआरआय होऊन स्टिरॉइड सुरू झाले तर पाय वाचू शकतात. चालणे पूर्ण थांबल्यावर आणलेला रुग्ण क्वचितच पुन्हा चालतो.

आता मागण्या. उपचार ठरताना प्रत्येक रुग्णालयाने या सगळ्याचा मोठ्या अक्षरांतला मराठी कागद द्यावा, त्यावर रात्रीही उचलला जाणारा एक फोन नंबर असावा. शस्त्रक्रियेच्या आधी फिजिओथेरपिस्टची एक भेट असावी. आणि पुरुषांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत झाकणाची कचरापेटी हवी. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर आणि गळतीसाठीच्या चादरीही स्वच्छताविषयक कचऱ्यात मोजल्या होत्या, ते गुंडाळून टाकावेत असे सांगितले होते. पण पुरुषांच्या बाजूला टाकायचे कुठे? ब्रिटनमध्ये ‘प्रोस्टेट कॅन्सर यूके’ ही संस्था याच पेट्यांसाठी मोहीम चालवते. आपल्याकडे ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ मधल्यांना निम्मे तिकीट. त्यातला ज्याला पॅड लागते, तो ओले पॅड पिशवीत गुंडाळून शबनममध्ये घालून घरापर्यंत आणतो, नाहीतर प्रवासच करत नाही. बसस्थानकावरच्या पुरुषांच्या प्रत्येक स्वच्छतागृहात निदान एका दाराआड पायाने उघडणारी पेटी, कडी लागणारे दार आणि पिशवी अडकवायला एक खुंटी, एवढे पुरे आहे.

आपले,
कर्करोग व मूत्ररोग विभागांत काम करणाऱ्या परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट, पुणे